गाबोळीचा मासा : ठेवायचा की सोडायचा?

मृगाचा पहिला मोठा पाऊस कोसळला की भिवंडी तालुक्याच्या खाडीपट्ट्यात एकच शब्द कानावर येतो : वलगण. अंजूर, अलिमघर, माणकोली, काल्हेर, कशेळी, कुठेही जा, हातात पाग, खांद्यावर पिशवी आणि डोक्याला विजेरी बांधून माणसे बांधाबांधाने निघालेली दिसतात. वसईच्या मोहिमेत नाव कमावलेल्या गंगाजी नाईकांचे गाव म्हणून अंजूर इतिहासात ओळखले जाते. पण उल्हास नदीच्या खाडीकाठी राहणाऱ्यांना अंजूर म्हणजे खाडी, खाजण, भाताची खाचरे आणि त्यांत चढणारे मासे.

आमच्या घरांतही या दिवसांत मोठा उत्साह असतो. मामू, चाचा, शेजारचा एखादा मित्र, कोणीतरी पहाटे पिशवी भरून मासे आणतो. आया-बहिणी मासे साफ करायला बसतात आणि पोटातून पिवळीधमक गाबोळी निघाली की मुले आनंदाने ओरडतात. गाबोळी तव्यावर परतून पहिला घास लहानग्याच्या तोंडात घालायचा, ही रीत घरोघरी आहे.

त्याच ताटासमोर बसून एक प्रश्न विचारावासा वाटतो. अंडी घालायला निघालेला मासा आपण नेमक्या त्याच वाटेवर पकडतो. तो ठेवावा की पाण्यात परत सोडावा? आणि सोडायचा म्हटले तर कोणता, कोणी, कसा?

वलगण म्हणजे काय

उन्हाळ्यात नदीच्या डोहांत आणि खोल पाण्यात दडलेल्या माशांना पहिल्या पुराची चाहूल लागते. पाणी गढूळ होते, गार होते, ओढ्यांतून जोराने वाहू लागते. तेव्हा मासे प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात. ओहोळ, नाले, शेताची पन्हळ, जिथून पाणी येते तिथून ते वर चढतात आणि भाताच्या खाचरांत, पाणथळ गवतात अंडी घालतात. म्हणून यांना चढणीचे मासे म्हणतात. खाचरातले पाणी उथळ आणि कोमट असते, त्यात बारीक किडे-शेवाळ भरपूर असते आणि मोठे शिकारी मासे कमी असतात. पिल्लांना याहून चांगला पाळणा नाही. पाऊस ओसरू लागला की हीच पिल्ले पाण्याबरोबर नदीत उतरतात. त्यांना आपण उतरणीचे मासे म्हणतो.

हा सारा हंगाम काही दिवसांचाच असतो. पहिले दोन-चार मोठे पाऊस, बस. ज्या रात्री मासा सर्वात सोपा हाताला लागतो, तीच रात्र त्याच्या पुढच्या पिढीची असते.

‘मासा लाखो अंडी घालतो, दोन-चार मासे खाल्ले म्हणून काय बिघडते?’ असे कोणी म्हणेल. अंडी खूप असतात हे खरेच. रोहूसारख्या माशाची मादी वजनाच्या किलोमागे साधारण दोन लाख अंडी देते. पण इतकी अंडी लागतात याचे कारणच असे की त्यातली जवळजवळ सगळी वाया जातात. काही अंडी फलित होत नाहीत, काही वाहून जातात, काही बेडूक-खेकडे खातात. मोठे होऊन पुन्हा अंडी घालायला येणारे मासे मोजकेच उरतात. ओढ्याच्या तोंडाशी जाळे आडवे लावून चढणारा प्रत्येक मासा काढला, तर त्या खाचरात त्या वर्षी अंडीच पडत नाहीत. बिघडते ते इथे. दोन-चार माशांनी ओढा रिकामा होत नाही. वाट बंद केल्याने होतो.

जिताड्याचे गुपित

खाडीपट्ट्यातल्या माशांचा राजा म्हणजे जिताडा. कोणी त्याला खजुरा म्हणतात. गोड्या पाण्यातही राहतो, खाऱ्यातही राहतो. अलिबाग-पेणच्या खारेपाटात तर गावतळ्यात आणि शेततळ्यात जिताडे पाळण्याची जुनी पद्धत आहे आणि लग्नाकार्याला पाहुण्यांपुढे जिताडा वाढणे हा मानाचा भाग समजतात. गळाला लागला तर असा ओढ घेतो की हौशी माणूस वर्षभर तीच गोष्ट सांगत राहतो.

या माशाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि पुढे मोठा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणजे ताटाएवढे छोटे जिताडे बहुतेक सगळे नर आणि सात-आठ किलोंच्या पुढचे मोठे धूड बहुतेक मादी. पावसाळ्यात हे मासे खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात अंडी घालायला जातात आणि पिल्ले भरतीबरोबर खाजणात, कांदळवनात शिरतात. एक मोठी मादी एका हंगामात लाखोंनी अंडी देते, फार मोठी असेल तर संख्या कोटीच्या घरात जाते.

आता हिशोब करून पाहा. छोटा जिताडा मारला तर तो मादी होण्याआधीच संपला. सर्वात मोठा मारला तर अंडी देणारी आई संपली. आपल्याकडे मात्र कौतुक याच दोन टोकांचे होते. छोटा मासा ‘तळायला बरा’ आणि मोठा मासा ‘फोटो काढायला बरा’.

हाच मासा ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून प्रसिद्ध आहे. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी ठेवता येत नाही, पाण्यात परत सोडावा लागतो. मधल्या मापाचा घ्या, लहान आणि आई दोघांना जाऊ द्या, असा तो साधा नियम आहे. माशाचे गुपित ओळखून केलेला कायदा म्हणजे काय, ते यावरून कळते.

चांगली बातमी अशी की जिताडा आता हॅचरीतही तयार होतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संशोधन संस्थेने १९९७ साली बंदिस्त पाण्यात त्याची पैदास यशस्वी केली. ज्याला ताटात जिताडा हवाच आहे, त्याने तळ्यातला घ्यावा. खाडीतल्या आईला त्यासाठी मारायची गरज नाही.

बाप जेव्हा उपाशी राहतो

जूनमध्ये खाडीकाठच्या बाजारात येणारी गाबोळीची चिवणी आणि तिचा भाऊबंद शिंगाळा, यांची कथा आणखी वेगळी. या कुळातल्या माशांची अंडी गोटीएवढी मोठी आणि संख्येने फार थोडी असतात. मादी अंडी घालते आणि नर ती आपल्या तोंडात घेतो. पिल्ले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत तो ती तोंडातच सांभाळतो आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. जाळ्यात सापडला की तो घाबरून तोंड उघडतो आणि अंडी बाहेर पडतात. टोपलीच्या तळाशी पिवळ्या गोट्या दिसल्या तर समजावे की एका बापाची सारी मेहनत तिथे सांडली आहे.

याचा परिणाम काय होतो, ते कर्नाटकच्या किनाऱ्याने पाहिले आहे. १९८०च्या दशकात पर्ससीन जाळ्यांनी अंडी सांभाळणाऱ्या शिंगाळ्यांचे थवेच्या थवे उचलले गेले आणि काही वर्षांतच तिथली शिंगाळ्याची मासेमारी कोसळली. लाखो अंडी देणारा मासा कदाचित सावरतो. मोजकी अंडी तोंडात जपणारा सावरत नाही.

आपला दीन काय शिकवतो

कुरआनने समुद्राची शिकार आणि तिचे अन्न आपल्यासाठी हलाल केले. एहरामच्या अवस्थेत जमिनीवरची शिकार मना आहे, पण पाण्यातली तेव्हाही खुली आहे. माशाला जबह करण्याची अटही नाही. कोकणी घराण्यांत बहुतेक शाफई मसलक पाळला जातो, तर भिवंडीच्या मोमीन-अन्सारी मोहल्ल्यांत हनफी. म्हणून चिंबोरीचे कालवण एका घरात आवडीने होते, तर शेजारच्या घरात होत नाही. पण मासा हलाल आहे, यावर दोघांचे एकमत आहे. तेव्हा मासा खाण्यात काही गैर आहे, असे इथे मुळीच सांगायचे नाही.

प्रश्न हलाल-हरामचा नसून हद्दीचा आहे. सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची हकीकत येते. त्या लोकांना शनिवारी मासेमारी मना होती आणि मासे नेमके शनिवारीच पाण्यावर झुंडीने येत. इतर दिवशी येत नसत. ती त्यांची परीक्षा होती. काहींनी पळवाटा काढल्या, काहींनी त्यांना अडवले, काही गप्प बसले. वलगणीच्या रात्री बांधावर उभे राहिले की ही हकीकत आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्यावर शनिवारची बंदी नाही, पण मोह तसाच आहे. मासा स्वतःहून पायाशी येतो आणि तेव्हाच हात आखडता घ्यायचा असतो.

खा, प्या, पण इसराफ करू नका, ही शिकवण आपण मुलांना ताटातल्या भाताबद्दल देतो. मग दोन पिशव्या मासे आणून एक फ्रीजमध्ये सडवणे आणि उरलेले गल्लीत वाटून ‘किती पकडले’ याची बढाई मारणे, याला काय म्हणावे? नसाई यांच्या संग्रहात एक हदीस आहे. कोणी चिमणी किंवा तिच्याहून मोठा जीव हक्काशिवाय मारला, तर अल्लाह त्याबद्दल विचारणा करील. तिचा हक्क कोणता, असे विचारल्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले की ती जबह करून खावी, मान तोडून फेकून देऊ नये. पागात आलेली बोटाएवढी पिल्ले बांधावर झटकून देऊन घरी निघणाऱ्याने या हदीसचा विचार करावा. ती पिल्ले ना कोणाच्या ताटात गेली, ना पाण्यात.

सगळेच सोडून द्यायचे का?

काहींना वाटेल, मग परदेशातल्या हौशी मंडळींसारखे करावे : गळ टाकावा, मासा ओढावा, फोटो काढावा आणि सोडून द्यावा. अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी ही प्रथा रुजली. रे स्कॉट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस बास पकडणाऱ्यांची संघटना उभी केली आणि १९७२ पासून तिच्या स्पर्धांत मासे जिवंत परत सोडण्याचा आग्रह धरला. त्याने तिथल्या तळ्यांचे भले झाले, यात शंका नाही.

पण युरोपात याच्या अगदी उलट विचारही झाला. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यानुसार जिवाला वेदना द्यायला रास्त कारण लागते. खाण्यासाठी पकडणे हे रास्त कारण, नुसत्या खेळासाठी पकडून सोडणे हे नाही. स्वित्झर्लंडमध्येही सोडण्याच्याच इराद्याने मासा पकडायला मनाई आहे. माशाच्या ओठांजवळ वेदना जाणणारे मज्जातंतू असतात, हे २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांवरच्या अभ्यासातून दाखवून दिले. गळाला लागलेला मासा तडफडतो, तो केवळ सवयीने नव्हे.

आम्हाला हा दुसरा विचार आपल्या शिकवणीच्या अधिक जवळचा वाटतो. सजीवाला निशाण्याचे साधन करू नका, अशी प्रेषितांची (स.) सक्त ताकीद आहे. म्हणून आमचे म्हणणे असे : खायचे असेल तर गळ टाकावा आणि घरापुरते घ्यावे. लहान आला, पोट अंड्यांनी फुगलेला आला, तर सोडावा. घरापुरते झाले की गळ गुंडाळावा. दिवसभर पकड आणि सोड, पकड आणि सोड, हा दयेचा मार्ग नाही. तो फक्त खेळ आहे.

कोणी सोडायचा?

इथे एका गोष्टीचे भान हवे. वलगणीचा मासा सगळ्यांसाठी सारखा नसतो. कातकरी कुटुंबाला पावसाच्या तोंडावर मजुरी नसते, घरात दाणा कमी असतो आणि ओढ्यातला मासा हेच चार दिवसांचे जेवण असते. कोळी बांधवांची तर ती रोजीरोटीच आहे. त्यांना शहाणपण शिकवायला जाणे आपल्याला शोभत नाही. सोडण्याची जबाबदारी ज्याचे पोट भरलेले आहे त्याच्यावर आधी येते. मोटारसायकलवरून विजेऱ्या घेऊन येणारी, बाजारात वाटेल तो मासा विकत घेऊ शकणारी मंडळी, म्हणजे आपणच.

मोठ्या पाण्यात तर कायद्याने ही जबाबदारी घातलेलीच आहे. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस राज्याच्या समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. २०२३ मध्ये राज्याने चंदेरी पापलेटला राज्यमासा जाहीर केले आणि त्याच वर्षी ५४ प्रकारच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. समुद्राच्या कोळ्याने दोन महिने नौका ओढून ठेवायची आणि आपण त्याच दिवसांत ओढ्यात जाळे लावून गाबोळी गोळा करायची, हे न्यायाला धरून नाही.

सुरुंग आणि विष यांबद्दल तर वादच नको. काही ठिकाणी डोहात जिलेटिनची कांडी फोडतात, ब्लीचिंग पावडर ओततात, विजेची तार सोडतात. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे गुन्हा आहे. अशाने मासा, पिल्लू, बेडूक, शेवाळ सगळेच मरते आणि तेच पाणी खाली कोणाच्या तरी घागरीत जाते.

सोडायचा, पण कुठे?

मासा सोडला, पण त्याला जायला वाट कुठे आहे? भिवंडीच्या भोवती गेल्या काही दशकांत गोदामांची रांगच उभी राहिली. खाचरे भरावाखाली गेली, नाले नळांत कोंबले गेले, कांदळवने बुजवली गेली. ज्या बांधावरून मासा चढायचा तिथे आता सिमेंटची भिंत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले की कांदळवनांची कत्तल हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे. ती खाडीतल्या माशाच्या पाळण्यावरही आहे.

पाण्याचे हाल सर्वांना ठाऊक आहेत. वालधुनीतून उल्हासच्या खाडीला आणि भिवंडीतल्या कामवारीतून वसईच्या खाडीला कारखान्यांचे, रंगाईचे, गटारांचे पाणी मिळते. राष्ट्रीय हरित लवादाला उल्हासच्या प्रदूषणात लक्ष घालावे लागले. अशा पाण्यातला मोठा शिकारी मासा वर्षानुवर्षे लहान मासे खातो आणि त्यांच्यातले पाऱ्यासारखे जड धातू आपल्या अंगात साठवतो. म्हणून कारखान्यांच्या नाल्याजवळ पकडलेला मोठा मासा गरोदर बाईला किंवा लहान मुलाला देऊ नये. तो सोडण्याचे हे आणखी एक कारण.

आणि एक उलटी सूचना : सगळेच मासे सोडण्यासारखे नसतात. थाई मागूर या परदेशी माशावर भारतात २००० सालापासून बंदी आहे. तो आपल्या देशी माशांना खाऊन टाकतो. तिलापियाही बाहेरूनच आला आणि जिथे गेला तिथे घर करून बसला. असे मासे हाती लागले तर परत सोडू नयेत. घरातल्या काचेच्या पेटीतले शोभेचे मासे कंटाळा आला म्हणून नदी-तळ्यात सोडणे हेही नुकसानच.

घरात पाळता येतील अशा काही गोष्टी

पहिल्या पावसाचे पहिले चार-पाच दिवस ओढ्याला जाळे लावू नये. तेवढ्यात बहुतेक मासे वर चढून अंडी घालून घेतात. नंतर घ्यावेत, तेव्हाही घरापुरतेच.

ओढ्याची पूर्ण रुंदी कधीही अडवू नये. अर्धी वाट माशाची, अर्धी आपली.

पागाच्या जाळीचे डोळे मोठे असावेत, म्हणजे पिल्ले आपोआप निसटतात.

मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर त्याला बुरशी लागते. कल्ल्यांत बोट घालू नये. गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापावी. मासा पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून हलके धरावा. तो स्वतः निसटला की सोडावा. फेकू नये.

ठेवायचा असेल तर लगेच मारावा, बादलीत तासभर तडफडत ठेवू नये. जिवंत मासा खवलणे किंवा कढईत टाकणे अनेक फकीहांनी नापसंत केले आहे. प्रत्येक कामात भलाई आणि नरमाई, हा हुकूम माशालाही लागू आहे.

शाफई घरांत चिंबोरी होते. पोटाखाली अंड्यांचा गुच्छ बाहेर दिसणारी मादी बाजारात घेऊ नये. मागणीच नसेल तर ती पकडलीही जाणार नाही.

जून-जुलैसाठी उन्हाळ्यातच सुकट, सुके बोंबील, जवळा, सोडे भरून ठेवावेत. आपल्या नान्या-दाद्या हेच करत होत्या. पावसाळ्यात सुक्या मासळीचे कालवण आणि गरम भाकरी ही केवळ काटकसर नव्हती. पाण्याला विश्रांती देण्याची ती जुनी रीत होती.

शेवटची गोष्ट मुलांसाठी. मुलांना वलगण दाखवायला जरूर न्या. पाण्याच्या उलट्या धारेला टकरा देत बांध चढणारा बोटभर मासा त्यांनी डोळ्यांनी पाहिला पाहिजे. एखादा हातात द्या, त्याचे फुगलेले पोट दाखवा आणि त्यांच्याच हाताने त्याला वरच्या खाचरात सोडू द्या. नवरात्राच्या सुमारास त्याच नाल्याला पुन्हा न्या. उतरणीची पिल्ले चमकताना दिसली तर मासा का सोडायचा, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.